मनी बेल्ट, अँटी-थेफ्ट बॅग आणि आईने शिवून घेतलेला कसा: युरोपात १४ दिवस वापरून

जूनमध्ये आम्ही तिघं, मी, नवरा आणि माझी आई, रोम, पॅरिस आणि बार्सिलोना असं १४ दिवस फिरून आलो, टूरवाल्यांबरोबर नाही, आमचं आम्ही बुकिंग करून. तिकिटं काढल्यापासून जो भेटेल तो "तिकडे पाकीटमार फार हां, सांभाळून" एवढं सांगितल्याशिवाय सोडायचा नाही आणि ते ऐकून ऐकून मी निघायच्या महिनाभर आधीच त्यापासून वाचायच्या वस्तू शोधायला बसले. शेवटी तीन वस्तू बरोबर नेल्या. ऑनलाइन मागवलेला कमरेचा मनी बेल्ट, ८४९ रुपये. क्रॉस घालायची अँटी-थेफ्ट बॅग, २,३०० रुपये. आणि तिसरा म्हणजे आईने आमच्या गल्लीतल्या ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंकडून शिवून घेतलेला मलमलचा कसा, शिलाई १२० रुपये, कापड घरचं. तिन्ही वस्तू जवळपास रोज अंगावर होत्या, एकदा खरोखर चोराचा हात पडला तेव्हाही होत्या, त्यामुळे जे लिहितेय ते वापरून लिहितेय. ब्रँडची नावं देत नाही, हेच डिझाइन ऑनलाइन आठ-दहा नावांनी मिळतं.

मी डोंबिवलीची, २१ वर्षं सकाळच्या लोकलने सीएसएमटीला जाते, गर्दीत पर्स पोटाशी धरायची हे हाताला आपोआप कळतं. पण लोकलमध्ये त्या पर्सेत काय असतं, पास, डबा, पाचशे-हजार रुपये. गेले तर दोन दिवस जीव हळहळतो आणि विषय संपतो. परदेशात सगळं अंगावर असतं, पासपोर्ट, व्हिसा, युरो, परकीय चलन भरलेलं फॉरेक्स कार्ड, आणि फोनात तर हॉटेलपासून परतीच्या तिकिटापर्यंत सगळंच. पॅरिसच्या हॉटेलात नाश्त्याला नाशिकचं एक जोडपं भेटलं, त्यांची पर्स दोन दिवसांपूर्वी मेट्रोत गेली होती, त्यात दोघांचे पासपोर्ट. बिचारे पोलिसात तक्रार नोंदवून, तो कागद घेऊन आपल्या दूतावासात गेले, तिथून इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळणार होतं. पण ते एकदाच भारतात परत येण्यापुरतं असतं, आणि युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो शेंगेन व्हिसा, त्याचा स्टिकर पासपोर्टाबरोबरच गेला, म्हणजे पुढचं स्वित्झर्लंड रद्द. त्या काकू चहाचा कप हातात धरून नुसत्या बसल्या होत्या, कप तसाच भरलेला. पैशांचं काही बोलल्याच नाहीत, "चार वर्षं ठरवत होतो हो" एवढंच म्हणाल्या. त्यांच्याकडे पासपोर्टच्या रंगीत झेरॉक्स आणि जास्तीचे फोटो बॅगेत वेगळे ठेवलेले होते म्हणून दूतावासातलं काम जरा सोपं झालं, एवढं तरी प्रत्येकाने कराच.

आता वस्तूंकडे येते. आधी मनी बेल्ट.

हा नायलॉनचा चपटा पाऊच, मागे जाळीचं कापड, दोन चेनचे कप्पे, इलॅस्टिकचा पट्टा आणि प्लॅस्टिकचं बक्कल. कपड्यांच्या आत कमरेला बांधायचा. कल्पना चांगलीच आहे, कारण खिसेकापूला जे दिसत नाही आणि ज्याच्यापर्यंत हात जायला शर्ट वर करावा लागतो ते तो घेऊ शकत नाही, त्याचं सगळं काम दोन सेकंदांचं असतं. दोन पासपोर्ट, थोडे युरो आणि दोन कार्डं घातली तर शर्टावरून काही कळत नाही. तिसरा पासपोर्ट घातला की मात्र पोट पुढे आल्यासारखं दिसतं आणि बसलं की कडा टोचते.

खरी अडचण घामाची. रोममध्ये जूनच्या दुपारी कडक ऊन, व्हॅटिकनच्या भिंतीला लागून दीड तास रांगेत उभं राहिलो आणि त्या जाळीच्या कापडातून घाम सरळ आत. संध्याकाळी हॉटेलवर येऊन पाऊच उघडला तर नोटा दमट, पासपोर्टचं कव्हर वाकून धनुकलीसारखं झालेलं आणि माझ्या कमरेवर बक्कलाच्या जागी लाल चट्टा. जाहिरातीत "घाम शोषणारं कापड" असं लिहिलेलं होतं, ते साफ खोटं. दुसऱ्या दिवशी तो नवऱ्याने बांधला, पण "आजचा दिवस राहू दे" म्हणून काढून सॅकमध्ये टाकला, आणि मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटली. घामेजलं, टोचलं म्हणून काढून ठेवलेला मनी बेल्ट म्हणजे आयतं एका जागी बांधून दिलेलं गाठोडं, पासपोर्ट, कार्डं, पैसे सगळं एकत्र, चोराला शोधायचेही कष्ट नाहीत. म्हणून या वस्तूत कप्पे किती हे नंतर बघा, आधी दिवसभर अंगावर सोसवते का ते बघा. घरी बांधून भर दुपारी बाजारात दोन तास फिरून या, मग ठरवा. मी हे केलं नाही, एसीत दहा मिनिटं घालून "छान आहे" म्हणून बॅगेत भरला.

आठव्या दिवसापर्यंत इलॅस्टिक सैल पडलं, पाऊच खाली घसरायला लागला, तेव्हा दोन सेफ्टी पिना लावून चालवला. ८४९ रुपयांत इलॅस्टिक पंधरा दिवसही टिकू नये याचा खरंच राग आला.

आणि आरएफआयडी, म्हणजे कार्डाची चिप बाहेरून कोणाला वाचता येऊ नये म्हणून पाऊचला आतून लावलेलं अस्तर. बेल्टच्या वेष्टनावर हे मोठ्या अक्षरांत होतं आणि माझ्या अंदाजाने शे-दोनशे रुपये त्याचेच घेतले असतील. म्हणे चोर मशीन घेऊन बाजूने जातो आणि कार्डातले पैसे उडवतो. आता टॅपच्या कार्डाची चिप काही सेंटिमीटरवरूनच बोलते आणि प्रत्येक व्यवहाराला नवा कोड तयार करते, तो पुन्हा वापरता येत नाही. तिकडचे चोर कशाला एवढा व्याप करतील, उघड्या खिशातलं अख्खं पाकीटच हाताला लागतं की. या अस्तरासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, तेवढे पैसे चांगल्या चेनला आणि चांगल्या पट्ट्याला घाला.

मनी बेल्ट वापरण्यातली आमची एक चूक सांगते, कारण ती बहुतेक सगळे करतात. कोलोसियमची तिकिटं आता नावावर निघतात आणि आत जाताना ओळखपत्र बघतात. आम्ही गेटपर्यंत गेलो, तिथल्या बाईंनी पासपोर्ट मागितले आणि नवऱ्याने तिथेच, शे-दोनशे माणसांच्या रांगेत, टीशर्ट वर करून पाऊचची चेन उघडली. मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळलं की या माणसाची तिजोरी कुठे आहे आणि तिला चेन कुठल्या बाजूने आहे. आईनेच टोकलं, "अहो, हे आधीच बाजूला जाऊन काढायचं ना." त्या दिवसापासून नियम केला, पाऊच फक्त हॉटेलच्या खोलीत नाहीतर टॉयलेटचं दार लावून उघडायचा. दिवसाला लागतील तेवढे चाळीस-पन्नास युरो आणि एक कार्ड सकाळीच बाहेरच्या बॅगेत काढायचं, पासपोर्ट लागणार असेल तर तोही निघतानाच बॅगेच्या आतल्या चेनच्या कप्प्यात. कमरेचा पाऊच म्हणजे पर्स नव्हे, ते घरचं कपाट आहे, बाजारात कपाट उघडत नाही आपण.

दुसरी वस्तू, अँटी-थेफ्ट बॅग. हिच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता आणि हिची परीक्षाही झाली.

रोमचा तिसरा दिवस. तेर्मिनी स्टेशनवरून मेट्रोच्या ए लाइनने ओत्ताव्यानोला उतरायचं होतं, व्हॅटिकन म्युझियमसाठी. सकाळी साडेनऊची वेळ, डबा भरलेला, पण आपल्या ८:४२ च्या लोकलच्या मानाने काहीच नाही, हात हलवायला जागा होती, आणि मला तेव्हाच खटकायला पाहिजे होतं की एवढी जागा असताना चार मुली आमच्याच अंगावर का रेलतायत. सोळा-सतरा वर्षांच्या असतील, स्वच्छ कपडे, एकीच्या डोक्यावर हॅट, कोणीही टुरिस्टच म्हणेल. एकीने हातावर जॅकेट घडी करून घेतलेलं. एवढ्या उकाड्यात जॅकेट! तो जॅकेटचा हात माझ्या बॅगेवर आडवा आला आणि दुसरीने नकाशा उघडून नवऱ्याला काहीतरी विचारायला सुरुवात केली. मला खरंच सांगते काहीही जाणवलं नाही. धक्का नाही, ओढल्यासारखं नाही, काही नाही. आई समोरच्या सीटवर बसलेली, तिची नजर खालून होती म्हणून तिला जॅकेटखालची बोटं दिसली आणि ती जोरात ओरडली, "अगं बॅग! बॅग बघ आधी!" अख्खा डबा वळला. मराठी कोणालाच कळलं नसणार पण ओरडणं कळतं. त्या चौघी पुढच्याच स्टेशनला, रेपुब्लिकाला, शांतपणे उतरून गेल्या, पळाल्यासुद्धा नाहीत.

मी बॅग बघितली. हिच्या चेनचा ओढायचा भाग शेजारच्या एका छोट्या हुकात अडकवता येतो, तेच हिचं कुलूप. तर तो हुकातून काढलेला होता आणि चेन बरोबर दोन बोटं उघडलेली. वरच्या कप्प्यात छत्री आणि चिवड्याची पुडी, पाकीट आतल्या दुसऱ्या चेनमध्ये, म्हणून काही गेलं नाही. पण एका हाताने, जॅकेटखाली न बघता, मला पत्ता न लागू देता तिने ते हूक काढलं. घरी मला स्वतःला ते काढायला दोन हात लागायचे.

तेव्हा या बॅगेबद्दल माझं मत असं झालं की कुलूप चोराला थांबवत नाही, कुलूप वेळ खातं. तिला हुकापाशी आठ-दहा सेकंद लागले आणि तेवढ्यात आईचं लक्ष गेलं. साधी उघड्या तोंडाची बॅग असती तर तेर्मिनीचं दार बंद व्हायच्या आतच पाकीट गेलं असतं आणि मला ओत्ताव्यानोला कळलं असतं. म्हणून २,३०० वसूल झाले असंच म्हणेन. पण बॅग घेतली म्हणून ती पाठीवर टाकून निवांत फिरायचं असं अजिबात करू नका, गर्दीत ती पोटावर आणि एक हात चेनवर, लोकलमध्ये धरतो तशीच.

बाकी फीचर पटापट सांगते. पट्ट्यात स्टीलची तार आहे, कापला जात नाही म्हणतात, आमच्यावर ती वेळ आली नाही त्यामुळे बोलत नाही. पट्टा एका बाजूने सुटतो आणि खुर्चीच्या पायात अडकवता येतो, हे मला फार आवडलं, रस्त्यावरच्या कॅफेत बॅग खुर्चीच्या पाठीला लटकवणं म्हणजे देऊन टाकल्यासारखंच आहे. रिकाम्या बॅगेचंच वजन जवळपास ६०० ग्रॅम, संध्याकाळी खांदा भरून येतो. आणि ते हूक नवव्या-दहाव्या दिवसापासून आपोआप सुटायला लागलं, ही मोठी खोट आहे, ज्याच्यासाठी पैसे दिले तीच वस्तू सगळ्यात आधी ढिली पडली. तेव्हापासून चेनच्या दोन कड्यांमधून किल्लीची रिंग ओवून काम भागवलं, आणि खरं तर ती रिंग हुकापेक्षा जास्त चिवट निघाली.

आता कसा. नवीन मुलांना हा शब्द माहीत नसेल म्हणून सांगते, पूर्वी प्रवासाला किंवा बाजाराला जाताना पैसे ठेवायला कापडाची लांबट अरुंद पिशवी कमरेला बांधायचे, तो कसा. बायका कनवटीला लावायच्या, नाहीतर परकराला आतून चोरखिसा शिवायच्या. माझे आजोबा आषाढीला पंढरपूरला जायचे तेव्हा धोतराच्या आत कसा बांधून जायचे, चंद्रभागेवर आंघोळीला उतरतानाही तो सोडायचे नाहीत असं आई सांगते. माझा मनी बेल्ट आला त्या दिवशी तिने तो हातात घेऊन दोनदा उलटापालटा करून बघितला आणि म्हणाली, "हा तर कसाच आहे, पण टोचणार." आणि दुसऱ्या दिवशी जुनी मऊ झालेली मलमलची साडी घेऊन ताईंकडे गेली.

भारतीय पासपोर्ट साडेबारा बाय पावणेनऊ सेंटिमीटरचा असतो, त्या मापावर दीड-दोन सेंटिमीटर सैल ठेवून तीन कप्पे शेजारी शेजारी शिवले. विकतच्या पाऊचमध्ये सगळं एकावर एक येतं म्हणून फुगतं, यात पासपोर्ट कमरेभोवती पसरतात, एक पोटावर, दोन बाजूला, त्यामुळे तीन पासपोर्ट घालूनही अंगाबरोबर बसतो. कापड दुहेरी, तोंडावर झाकण आणि प्रत्येक झाकणाला दोन टिचबटणं. चेन मुद्दाम नाही लावली, चेन टोचते. इलॅस्टिकच्या ऐवजी रुंद नाडी. आईने ड्रेसच्या आत, सलवारीच्या नाडीच्या थोडा वर बांधला आणि १४ दिवसांत एकदाही काढून टाकावासा वाटला असं म्हणाली नाही. ती ६९ वर्षांची आहे, तिला काय टोचतं काय नाही हे ती लगेच बोलते. पाचव्या दिवशी माझा चट्टा बघून तिने कसा मला दिला आणि स्वतः मनी बेल्ट घ्यायला निघाली, ते मी होऊ दिलं नाही. आम्ही सगळे पासपोर्ट तिच्याकडे दिले आणि बेल्टमध्ये नुसते युरो आणि एक कार्ड ठेवलं. त्याने बेल्टही हलका झाला आणि सगळं एका माणसाच्या अंगावर राहिलं नाही, हे दुसरं जास्त महत्त्वाचं.

मलमल रात्री हॉटेलच्या बेसिनमध्ये धुवून टाकली की सकाळपर्यंत वाळते. नायलॉनचा पाऊच धुतला तर अस्तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ओलं, शिवाय वास येतो.

या मलमलच्या कशाला खोट नाहीच असं नाही. कापड पाणी आत घेतं, पॅरिसमध्ये एक दिवस पावसात भिजलो तेव्हा पासपोर्ट प्लॅस्टिकच्या चेनवाल्या पाकिटात होते म्हणून वाचले, त्याशिवाय या कापडाच्या कशात काही ठेवू नका. नाडीला नेहमी सुरगाठ मारा, आईने एकदा घाईत निरगाठ मारली आणि ट्रेनच्या एवढ्याशा टॉयलेटमध्ये ती सोडवता सोडवता तिच्या डोळ्यांत पाणी आलं, बाहेर लोक दार वाजवतायत. आता नाडीच्या एका टोकाला हूक शिवून घेतलंय. आणि पँट-टीशर्टवर हा तेवढा नीट बसत नाही, नवऱ्याने करून बघितलं, पँटच्या पट्ट्याखाली नाडी घसरते. सलवार, परकर, लेगिंग, ट्रॅकपँट यावर उत्तम.

तिन्ही वस्तूंच्या बाहेर राहतो तो फोन. फोन कमरेला बांधून चालत नाही, दर दहा मिनिटांनी नकाशा बघायचा असतो, फोटो काढायचे असतात, आणि चोरांचं सगळं लक्ष आता त्याच्यावरच आहे. पॅरिसच्या मेट्रोत दाराजवळ उभं राहून फोन बघणाऱ्याचा फोन दार बंद होता होता हिसकून फलाटावर उडी मारतात, ते पकडणार कसे, गाडी तर सुटलेली. १ नंबरच्या लाइनवर, लूव्र म्युझियम आणि शाँझ-एलिझे रस्त्याच्या भागात जी जाते, तिथे मेट्रोतच वेगवेगळ्या भाषांत सूचना देत असतात. आम्ही मनगटात अडकवायची १५० रुपयांची फोनची दोरी नेली होती, कव्हरच्या आत एक पातळ पट्टी राहते आणि दोरी चार्जिंगच्या भोकातून बाहेर येते. विकतच्या वस्तूंत ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. निघायच्या आधी फोनातलं चोरीचं सेटिंगही चालू करा, आयफोनला जानेवारी २०२४ पासून चोरीपासून संरक्षणाचं वेगळं सेटिंग आलंय आणि अँड्रॉइडच्या बऱ्याच फोनांत हिसका बसला की आपोआप लॉक होण्याचं. शिवाय आमचं भारतातलं सिम, ज्यावर बँकेचे ओटीपी येतात, ते जुन्या फोनात घालून हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवलं आणि फिरताना तिकडचं डेटा सिम वापरलं. फोन गेला असता तरी कार्ड बंद करायला ओटीपी हाताशी राहिला असता.

कार्डाचं म्हणाल तर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावर परदेशातला वापर, टॅप, ऑनलाइन हे सगळं आपल्याला बँकेच्या अ‍ॅपमधून वेगवेगळं चालू-बंद करता येतं आणि मर्यादाही घालता येते. तिकडे दुकानांत साधारण ५० युरोपर्यंत पिन न विचारता टॅप होतं, म्हणजे कार्ड चोराच्या हातात गेलं तर तो चार दुकानं फिरतो. आम्ही रोजची मर्यादा कमी ठेवली आणि मोठी खरेदी असेल त्या दिवशी सकाळी वाढवायचो. दोन मिनिटांचं काम, फुकट.

पॅरिसमध्ये पाकीटमारांचा त्रास केवढा आहे याचा अंदाज यावा म्हणून, २०१३ च्या एप्रिलमध्ये लूव्रच्या कर्मचाऱ्यांनी या टोळ्यांना कंटाळून काम बंद केलं होतं, म्युझियम एक दिवस उघडलंच नाही, आणि २०१५ च्या मेमध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही याच कारणाने काही तास काम बंद ठेवलं. मोनालिसाच्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर मला कारण कळलं. सगळ्यांचे दोन्ही हात फोन धरून वर, नजर समोर, आणि कमरेपासून खाली कोणाचंच लक्ष नाही. मी आईला म्हटलं, तू बघ आधी, मी तुझ्या मागे उभी राहते, मग मी बघते. असं आळीपाळीने बघितलं.

पॅरिसच्याच साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांखाली मनगटात दोरा बांधणारे असतात, आपल्याकडे देवळाबाहेर गंडा बांधतात तसं हसत हसत हात पुढे करतात, आईने सवयीने हात पुढे केलाच होता. एकदा बोटाला दोरा गुंडाळला की पैसे दिल्याशिवाय सोडत नाहीत आणि तोवर हात अडकलेला. टॉवरपाशी मुली कागद-पेन घेऊन सही मागतात, कागद तुमच्या बॅगेवर धरतात. "नो" म्हणायचं, थांबायचं नाही, एवढंच. उद्धटपणा वाटेल म्हणून आपली माणसं थांबतात, विशेषतः आपल्या आई-वडिलांच्या वयाची, त्यांना आधीच घरी सांगून ठेवा. आणि "पाकीटमारांपासून सावध" असा बोर्ड दिसला की आपला हात आपोआप पाकिटावर जातो, तो जाऊ देऊ नका, बोर्डाजवळ उभा असलेला माणूस तेच बघत असतो.

बार्सिलोनात ला रांब्ला या गर्दीच्या रस्त्यावर एका बऱ्या कपड्यातल्या गृहस्थाने "तुमच्या पाठीवर पक्ष्याने घाण केलीय" असं खुणेने सांगून टिश्यू पुढे केला. पाठीवर खरंच काहीतरी चिकट हिरवट होतं. हे वाचलेलं होतं म्हणून न थांबता पुढच्या दुकानात शिरलो आणि तिथे पुसलं. स्पेनमध्ये ४०० युरोपेक्षा कमी किमतीची चोरी किरकोळ गुन्ह्यात धरली जाते, दंडावर सुटतात आणि पुन्हा तिथेच येतात. वारंवार पकडल्या जाणाऱ्यांसाठी २०२२ मध्ये कायदा कडक केला, पण आपण तिथे चार दिवस असतो, आपल्याला त्या कायद्याचा काय उपयोग. एक मात्र करा, काही गेलंच तर पोलिसात तक्रार नोंदवून कागद घ्याच, इन्शुरन्सवाले त्याच्याशिवाय क्लेम बघत नाहीत. पूर्ण युरोपीय संघात इमर्जन्सीचा नंबर ११२.

परत वस्तूंकडे. मनी बेल्टला मी पाचपैकी अडीच देईन, आणि घ्यायचाच असेल तर मागे सुती कापड असलेला घ्या. बॅगेला साडेतीन, हूक बरं असतं तर चार. फोनच्या दोरीला पाच. आईच्या कशाला साडेचार, अर्धा त्या नाडीसाठी कमी केला.

कसा शिवायला देणार असाल तर माप देते. लांबी ४५ सेंटिमीटर, रुंदी १३, म्हणजे पासपोर्ट आडवा जातो, वर ५ चं झाकण वेगळं, नाडी दोन्ही बाजूला मिळून कमरेच्या मापापेक्षा अर्धा मीटर जास्त. कापड नवीन घेतलं तर आधी दोनदा धुवून घ्या, मलमल आटते, आमच्या शेजारच्या वहिनींनी न धुता शिवला आणि पहिल्या धुण्यानंतर त्यात पासपोर्ट जाईना.